रिकाम्या रात्रींचाही हिशेब : वाघाटी कुठवर आहे, किती आहे, हे कसं मोजायचं

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या गावात जाऊन "तुमच्याकडे वाघाटी आहे का?" असं, वाघाटी नावाचं लहानसं रानटी मांजर मनात धरून विचारलंत, तर निम्मी माणसं कुंपणावरच्या वेलाकडे बोट दाखवतील. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला वाघाटीच्या भाजीनं सोडायची रीत आहे, तेव्हा त्यांचं काही चुकत नाही. साकोली तालुक्यातल्या एका गावातून मी पहिल्या वर्षी "आहे, पुष्कळ आहे" अशी नोंद वहीत उतरवून आणली होती. पुढे ती खोडावी लागली. तेव्हापासून मी जनावराचं नाव घेऊन कधीच विचारत नाही, आणि या लेखातली पहिली सूचनाही तीच आहे.

ज्या वाघाटीबद्दल लिहितो आहे ती जगातल्या सगळ्यात लहान रानटी मांजरांपैकी एक. वजन साधारण १ ते दीड किलो, म्हणजे घरातल्या पोसलेल्या बोक्यापेक्षा बरंच कमी. ती भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीनच देशांत आढळते. कुठल्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत २०१६ पासून ती 'संकटसमीप' गटात आहे, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच ओळीत. नागझिरा, ताडोबा, मेळघाट इथं तिच्या नोंदी आहेत. पण तुरीच्या कापणीत, धानाच्या पुंजण्याखाली, बंद पडलेल्या विहिरीच्या दगडांत सापडणाऱ्या पिल्लांची नोंद कुठेच होत नाही. "बिबट्याची पिल्लं सापडली" अशी बोंब होते, दोन दिवसांत ती विरते, आणि तेवढ्यात आपल्या हातची एक पक्की नोंद जाते.

आधी प्रश्न वेगळे करा

'कुठवर आहे' आणि 'किती आहे' हे दोन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगळ्या पद्धतीनं निघतात, खर्चही वेगळा येतो. पहिला प्रश्न पाच-सहा माणसांचा गट, एक हिवाळा आणि जनावर समोरून गेलं की आपोआप चित्र काढणारे वीसेक कॅमेरे एवढ्यावर बऱ्यापैकी सुटतो. दुसऱ्याला त्याच्या तिप्पट चिकाटी लागते, आणि बऱ्याचदा शेवटी हाती येणारा आकडा इतका सैल असतो की तो न सांगितलेला बरा. नव्या गटांना माझा सल्ला असतो, पहिली दोन वर्षं फक्त 'कुठवर' करा.

परवानगी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्ज नागपूरच्या वनभवनात जातो. हातात पडायला महिने लागतात, म्हणून हिवाळ्याच्या कामाचा अर्ज पावसाळ्याआधीच द्या. राखीव व संरक्षित वनासाठी उपवनसंरक्षकांना भेटा. झुडपी जंगलाबद्दल मात्र सावध राहा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर 'झुडपी' लिहिलेल्या जमिनी गावाला लागून पसरल्या आहेत आणि लोक त्यांना गुरांची पडीक जागा समजतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना वनजमीन मानलं आहे. तेव्हा तिथं कॅमेरा बांधायचा तर वनखात्याला विचारूनच.

ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथं ग्रामसभेत विषय मांडा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला ते २००९ मध्ये मिळाले, त्यानंतर अनेक गावांना. खाजगी शेतात मालकाची संमती घ्या, आणि गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती कामाची असेल तर तिलाही सोबत घ्या, कारण तुमच्या नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत जायला हव्यात.

ग्रामसभेत एक गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी. कॅमेऱ्यात माणसंही येतात. पहाटे पांदणीनं, नाल्याकडं जाणाऱ्या बायका येतात. कॅमेऱ्याच्या जागा गावातल्या बायकांना विचारून ठरवा, आणि माणसाचं चित्र आलं तर ते कुणाला न दाखवता पुसून टाकायचं हा नियम सगळ्यांसमोर सांगा. हे न केल्यानं एका गावात आमचे चार कॅमेरे लोकांनी काढून आणून दिले. त्यांचं बरोबर होतं.

जुन्या नोंदी गोळा करणं

जंगलात पाय ठेवण्याआधी महिनाभर हे काम करा. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत प्रचंड चित्रं जमा होतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रं निघाली. त्यांत वाघ-बिबट्यांशिवायचं पुष्कळ काही असतं. तुमच्या वनविभागाकडे लहान मांजरांची चित्रं वेगळी काढलेली आहेत का, ते अर्ज करून विचारा. मात्र ते कॅमेरे वाघासाठी, गुडघ्याच्या उंचीवर, जंगलरस्त्याकडे तोंड करून बांधलेले असतात. दीड किलोचं जनावर त्यांच्या खालून निघून जातं. म्हणून त्या चित्रांत वाघाटी दिसली तर ती नोंद घ्यायची. दिसली नाही तर त्यावरून काहीच ठरवायचं नाही.

मग माणसं. सरपंच-पोलीस पाटलांपासून सुरुवात केली की ओट्यावरच्या गप्पा मिळतात. रात्री बाहेर असणारी माणसं शोधा: जागलीला जाणारे, रात्रीच्या विजेवर ओलित करणारे, तलावावर जाळी टाकणारे ढिवर, पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया, कापणी यंत्राचे चालक, सर्पमित्र. वाघाटी रात्रीची आहे. दिवसा फिरणाऱ्याला ती दिसत नाही.

विचारायची पद्धत अशी. "रात्री कोणकोणती लहान जनावरं दिसतात, काका?" एवढंच म्हणा आणि थांबा. मग आकार हातानं दाखवायला सांगा. शेपटी केवढी, अंगावर काय, झाडावर चढलं की पळालं. "लहानसंच होतं जी, पाठीवर ठिपके होते, सरसर मोहावर चढलं" असं कुणी म्हणालं की मगच चित्रांचा तक्ता काढा. तक्त्यात रानमांजर, घरची मांजर, जवादी मांजर, कांडेचोर, बिबट्याचं पिल्लू आणि वाघाटी एकाच मापात छापा. त्यातच लाल पांडासारखं एखादं चित्र टाका, जे विदर्भात असूच शकत नाही. कुणी तेही पाहिलं म्हणालं, तर त्या माणसाचा मान ठेवून त्याची सगळी साक्ष हलक्या प्रतीत टाका. मसन्याऊद म्हणून सांगितलेलं जनावर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कांडेचोर निघालं आहे. तेव्हा नावावर न जाता वर्णनावर जा.

प्रत्येक नोंदीला प्रत द्या. चित्र किंवा मेलेलं जनावर असेल तर 'अ'. जाणत्या माणसानं जवळून, नीट पाहिलेलं असेल तर 'आ'. बाकी सगळं 'इ'. नकाशा काढताना फक्त 'अ' धरायचं. 'आ' आणि 'इ' यांचा उपयोग पुढचा कॅमेरा कुठं लावायचा हे ठरवायला. दुर्मिळ जनावराच्या बाबतीत चुकीची एक नोंद दहा बरोबर नोंदींचं नुकसान करते, कारण ती नकाशाची कडा पन्नास किलोमीटर पुढं ढकलू शकते.

ओळख

वाघाटीच्या पाठीवर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी असतात. कपाळावरून मानेकडं चार गडद रेघा जातात, गालांवर दोन पट्टे, पोट पांढरं आणि त्यावर मोठे गडद ठिपके. कान लहान आणि गोलसर. शेपटीवर ठळक कडी नसतात, हे महत्त्वाचं. रानमांजर लांब पायांचं, अंगावर ठिपके नसलेलं, टोकदार कानांचं असतं. शेपटीला कडी आणि काळं टोक. घोळ होतो तो रानमांजराच्या पिल्लाशी आणि ठिपकेदार गावठी मांजराशी. रात्रीच्या करड्या चित्रात रंग दिसत नाही, म्हणून शेपटी आणि कान पाहा. दोघांनी वेगवेगळं बसून चित्र ओळखायचं. मत जुळलं नाही तर 'अनिश्चित' लिहायचं. पाऊलखुणांवरून वाघाटी आणि लहान घरमांजर वेगळं करता येत नाही, तो नाद सोडा. विष्ठेवरून जनुकीय तपासणीनं प्रजात ठरवता येते. हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा तपासण्या करतात. पण गोळा करण्याची परवानगी वेगळी घ्या आणि नमुना कोरडा ठेवा.

चौकोन आणि कॅमेरे

नकाशावर २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन आखा. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. लाल यादीसाठी व्याप्त क्षेत्र, म्हणजे जनावर खरोखर वापरतं तेवढी जागा, याच ४ चौरस किलोमीटरच्या मापानं मोजतात, त्यामुळे तुमचं काम इतरांच्या कामाशी जुळेल. आता मोह होतो तो फक्त जंगलाचे चौकोन निवडायचा. तसं करू नका. जंगल, झुडपी, धानाच्या बांध्या, मालगुजारी तलावांचा काठ आणि गावशिवार असे गट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून चौकोन काढा. चिठ्ठीत आलेला चौकोन रुक्ष, उघडा, 'इथं काय असणार' असा वाटला तरी तिथं जायचंच. आमच्या चिठ्ठीत एकदा विटाभट्टीशेजारचा चौकोन आला. साठ रात्री कॅमेऱ्यात कुत्री, मुंगूस आणि घरमांजरं एवढंच आलं. ती साठ रात्रींची नोंद मी जपून ठेवली आहे, कारण तिच्याविना शेजारच्या चौकोनातल्या दोन वाघाट्यांना काही अर्थ नाही.

हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत धरा. धान कापून झालेलं असतं, बांध्यांत लाखोळी किंवा हरभरा, तूर अजून उभी, धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, उंदीर भरपूर. मार्चपासून मोहाखालचा पालापाचोळा जाळायला सुरुवात होते आणि मेमध्ये तेंदूपत्त्याची गर्दी. कॅमेरा जळतो, नाहीतर माणसांच्या चित्रांनी भरतो. शिवाय कॅमेऱ्याचा संवेदक अंगाची ऊब आणि आजूबाजूची हवा यांतल्या फरकावर चालतो. विदर्भाच्या उन्हाळी संध्याकाळी हवाच अंगाइतकी तापलेली असते आणि जनावर समोरून जाऊनही चित्र निघत नाही. उन्हाळ्यात 'काही आलं नाही' याचा अर्थ लावता येत नाही तो यामुळे.

कॅमेरा जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर, साधारण एक वीत उंचीवर बांधा. वाटेपासून दोन-तीन मीटर लांब, तोंड शक्यतो उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे सूर्य थेट आत येत नाही. समोरचं गवत कापा; हलणाऱ्या एका पात्यानं रात्रीत हजार चित्रं निघतात आणि कार्ड भरतं. तारीख-वेळ दोनदा तपासा. मग स्वतः हातपाय टेकून कॅमेऱ्यासमोरून जा आणि चित्र निघतं का ते पाहा. जागा निवडताना चौकोनातली उत्तम जागा निवडायला हरकत नाही: धुरा आणि नाला मिळतात तिथं, बांबूच्या रांजीजवळ, जुन्या दगडी पाळीवर, पांदणीच्या कडेला. आमिष लावू नका. वास लावला की जनावर लांबून येतं आणि तुमचा चौकोन खोटा ठरतो. वर कुत्री गोळा होतात ती वेगळीच.

प्रत्येक चौकोनात चार कॅमेरे, ४० रात्री. आता या आकड्याचं कारण, कारण सगळ्या पद्धतीचा गाभा इथं आहे.

न दिसणं मोजणं

समजा, वाघाटी चौकोनात आहे आणि एका कॅमेऱ्यात एका रात्री ती येण्याची शक्यता १०० पैकी २ आहे. मग ३० रात्रींत ती एकदाही न येण्याची शक्यता ०.९८ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ५५ टक्के. असलेलं जनावर अर्ध्याहून अधिक वेळा चुकतं! ६० रात्री केल्या तरी ३० टक्के वेळा चुकेल. चुकण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर १५० कॅमेरा-रात्री लागतात (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक कॅमेरा-रात्र). चार कॅमेरे, ४० रात्री म्हणजे १६०. आकडा तिथून आला. तुमच्या भागात ही शक्यता २ ऐवजी १ असेल तर हिशेब दुप्पट होईल.

म्हणून नोंद 'दिसली/नाही दिसली' अशी एका शब्दात ठेवायची नाही. ४० रात्रींचे आठ-आठ रात्रींचे पाच तुकडे करा आणि प्रत्येक चौकोनापुढं, तुकड्यात दिसली तर १ आणि नाही तर ०, असं ०१००१, ०००००, ००१०० लिहा. चालू नसलेल्या कॅमेऱ्याच्या रात्री शून्य नाहीत. तिथं रेघ मारायची. बॅटरी संपली, गुरानं कॅमेरा फिरवला, कार्ड भरलं, तर त्या रात्री झाल्याच नाहीत असं धरायचं. नव्या मुलांकडून सर्वांत जास्त चूक इथं होते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

जिथं वाघाटी एकदा दिसली, तिथं ती बाकीच्या तुकड्यांत किती वेळा चुकली यावरून 'दिसण्याची शक्यता' काढता येते. ही व्याप्ती-पद्धत २००२ पासून रूढ झाली आणि 'प्रेझेन्स' हे फुकट सॉफ्टवेअर किंवा 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं 'अनमार्क्ड' हे पॅकेज हिशेब करतं. ढोबळ अंदाज हातानंही येतो. समजा ४० चौकोनांपैकी १४ मध्ये ती आली आणि एका तुकड्यात दिसण्याची शक्यता ०.१७ निघाली. पाच तुकड्यांत निदान एकदा दिसण्याची शक्यता १ वजा ०.८३ चा पाचवा घात, म्हणजे ०.६१. मग वापरातले चौकोन १४ भागिले ०.६१, म्हणजे २३. नुसतं पाहिलेलं ५६ चौरस किलोमीटर, अंदाजित ९२. सांगताना दोन्ही सांगा, आणि सॉफ्टवेअर देईल ती वरची-खालची मर्यादाही.

याखेरीज 'अ' प्रतीच्या सगळ्या बिंदूंना बाहेरून दोरी गुंडाळल्यासारखा बहुभुज काढला की तो विस्तार मिळतो. तो नेहमी मोठा दिसतो, कारण त्यात शहरं, जलाशय, खाणी सगळं येतं. वर्तमानपत्राला हा आकडा एकटा देऊ नका.

किती आहेत

२३ चौकोन म्हणजे २३ वाघाट्या नव्हेत. एकच मादी तीन चौकोनांत फिरत असेल, किंवा एका चौकोनात चार असतील. संख्या हवी तर एकेक जनावर वेगळं ओळखावं लागतं. वाघाच्या पट्ट्यांसारखेच वाघाटीच्या कुशीवरचे ठिपके प्रत्येकीचे वेगळे असतात, पण ठिपके बारीक, जनावर लहान, आणि अदृश्य किरणांच्या रात्रीच्या चित्रात सगळं पुसट. पांढऱ्या झोताचे कॅमेरे लागतात, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं, कारण डावी कूस आणि उजवी कूस सारखी नसते. जोडी नसेल तर एकच मांजर दोन म्हणून मोजली जाते.

दोन जोड्यांमधलं अंतर ५०० ते ७०० मीटर ठेवा, म्हणजे एकाच जनावराला दोन-तीन ठिकाणी येता येईल. काम ४५ ते ६० दिवसांत संपवा. त्याहून लांबलं तर पिल्लं वेगळी होतात, नवी येतात, आणि गणिताचं गृहीतक मोडतं.

जुनं, सोपं गणित असं. पहिल्या महिन्यात ६ वेगळ्या वाघाट्या ओळखल्या. दुसऱ्या महिन्यात ५ आल्या, त्यांतल्या २ आधीच्याच. मग (६+१) गुणिले (५+१), भागिले (२+१), वजा १, उत्तर १३. आता त्याची मर्यादा काढा. या आकड्यांवर प्रमाणविचलन, म्हणजे अंदाज किती हलू शकतो याचं माप, सुमारे ३.७ येतं; दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली की खरी संख्या ६ ते २० यांत कुठंही. त्यातून ९ तर आपण प्रत्यक्ष पाहिल्या आहेत, म्हणून ९ ते २०. "आमच्या तालुक्यात १३ वाघाट्या" असा मथळा किती पोकळ आहे ते यावरून कळावं. पुन्हा दिसणाऱ्या वाघाट्या वाढल्या की ही मर्यादा आवळत जाते. आणखी कॅमेऱ्यांपेक्षा पुन्हा-पुन्हा येणारी चित्रं जास्त मोलाची असतात.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. १३ ला कॅमेऱ्यांनी व्यापलेल्या जागेनं भागलं की घनता फुगते, कारण कडेच्या कॅमेऱ्यांत बाहेर राहणारी जनावरंही येतात. स्थानाधारित पद्धत प्रत्येक जनावर कुठं-कुठं आलं हे धरून हा दोष काढते. 'आर'मध्ये त्यासाठी 'एसईसीआर' हे पॅकेज आहे. निदान दहाएक जनावरं आणि वीसेक पुनर्भेटी हातात नसतील तर मी ते चालवत नाही, नुसती 'किमान ९' अशी नोंद करतो.

आलेली घनता साऱ्या विदर्भाला गुणून टाकायची नाही. विदर्भ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, धानाच्या शिवारात निघालेला आकडा यवतमाळ-अकोल्याच्या काळ्या मातीतल्या कपाशीला लागू होत नाही. तिथला उंदीर वेगळा, आडोसा वेगळा, फवारणी वेगळी.

पिल्लं सापडली तर

कापणी तिथं थांबवा, दोन-चार तास मागं या, हात लावू नका. आई बहुतेक जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं उचलून नेते. वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या मदतक्रमांकावर कळवा, लांबून एक चित्र, जागा आणि तारीख घ्या. एक कॅमेरा तिथं लावता आला तर आई पिल्लं नेताना टिपली जाते. आपल्या साऱ्या कामात याहून मोठी नोंद नाही, कारण वाघाटी या शेतात नुसती फिरत नाही, इथं पिल्लंही घालते, हे त्या नोंदीनं सिद्ध होतं. पिल्लं घरी आणून बाटलीनं दूध पाजलं की ती नोंदही गेली आणि पिल्लंही.

निकाल कुणाला, किती

वनविभागाला नेमके अक्षांश-रेखांश द्या. ग्रामसभेला चौकोनांचा नकाशा, मराठीत, मोठ्या कागदावर. बाहेर लोकांसमोर तालुक्यापलीकडची जागा सांगू नका. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातीची जागा आपोआप धूसर होते, पण गावच्या गटावर फिरणाऱ्या चित्रात मागचं देऊळ दिसत असतं. अहवालाच्या पहिल्या पानावर तीन आकडे एकत्र छापा: किती कॅमेरा-रात्री, त्यांतल्या किती रिकाम्या, किती चौकोन कोरे. तीन वर्षांनी तुम्ही नाहीतर दुसरं कुणी त्याच चौकोनांत, त्याच उंचीवर, त्याच डिसेंबरात पुन्हा कॅमेरे बांधेल, तेव्हा वाघाटी कमी झाली की वाढली हे त्याला याच पानावरून काढायचं आहे.